मोठ्या जातीच्या श्वानांचा आहार : पोषण आणि खर्च यांचा मेळ
(नागपूर शहराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

नागपूरसारख्या शहरातील श्वानपालनाचे स्वरूप गेल्या दोन-तीन दशकांत बरेच बदलले आहे. पूर्वी अंगणाच्या घरात राखणीसाठी एखादा गावठी कुत्रा असे. घरातील उरलीसुरली पोळी-भाकरी, ताक, सणावाराचे हाड यांवर त्याचे भागत असे. शिवाय तो दिवसभर मोकळा फिरून आपल्या आहारातील उणीव स्वतःच भरून काढीत असे. आता त्याची जागा लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, क्वचित ग्रेट डेन अशा मोठ्या जातींनी घेतली आहे. हे प्राणी सदनिकेत किंवा छोट्या कुंपणात राहतात आणि मालक जे देईल तेवढेच खातात. प्राणी बदलला, त्याचे वजन तिपटीने वाढले, त्याचे बाहेरचे खाणे थांबले. मात्र अनेक घरांत त्याचे ताट तेच राहिले. दुसरीकडे काही घरांत पिल्लासोबतच महागड्या तयार खाद्याचे पोते येते, वर्षभरात तो खर्च डोईजड होतो आणि मग एकदम दूध-भातावर यावे लागते. आहाराचा खर्च परवडत नाही म्हणून वाढलेला कुत्रा दुसऱ्याला देऊन टाकणे किंवा सोडून देणे, हा या प्रश्नाचा सर्वांत दुःखद शेवट होय.

पोषणमूल्य आणि खर्च हे दोन्ही सांभाळून मोठ्या श्वानाचा आहार कसा ठरवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. येथे ‘मोठा’ म्हणजे प्रौढ वयात साधारण २५ किलो किंवा त्याहून अधिक वजनाचा कुत्रा असा अर्थ घेतला आहे.

ऊर्जेची गरज :

कुत्र्याचे वजन तिप्पट झाले म्हणून त्याचे अन्न तिप्पट होत नाही, ही गोष्ट सर्वप्रथम लक्षात घेतली पाहिजे. शरीराची ऊर्जेची गरज वजनाच्या ०.७५ या घाताच्या प्रमाणात वाढते. हा हिशेब साध्या गणकयंत्रावर करता येतो : वजनाचा घन काढावा आणि त्याचे दोनदा वर्गमूळ घ्यावे. ३० किलोच्या कुत्र्यासाठी ही संख्या सुमारे १२.८ येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांनुसार फारशी हालचाल नसलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी या संख्येला ९५ ने आणि चांगली हालचाल असलेल्या कुत्र्यासाठी १३० ने गुणावे. म्हणजे ३० किलोच्या लॅब्रेडॉरला दिवसाला सुमारे १२२० ते १६७० किलोकॅलरी लागतात. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटे साखळीने फिरणारा शहरी कुत्रा यांपैकी खालच्या आकड्याच्या जवळचा असतो, ही बाब मालकाला सहसा पटत नाही.

हा आकडा आरंभापुरता आहे. त्यानंतरचा निर्णय कुत्र्याच्या शरीराकडे पाहून करावा लागतो. हलक्या हाताने चाचपल्यावर बरगड्या बोटांना लागाव्यात, वरून पाहिल्यास कंबर दिसावी. लातूर व लगतच्या भागातील कारवानी कुत्रा उंचीने मोठा असला तरी अंगाने शिडशिडीत असतो. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून त्याला खाऊ घालून भरदार करण्याचा प्रयत्न करणे, ही त्याच्या प्रकृतीची हानीच आहे.

या संदर्भात २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक दीर्घकालीन अभ्यास महत्त्वाचा ठरतो. ४८ लॅब्रेडॉर पिलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. कमी खाणाऱ्या गटाचे मध्यमान आयुष्य १३.० वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले. सांधेदुखीसारखे विकारही पहिल्या गटात उशिरा उद्भवले. हा अभ्यास एका श्वानखाद्य कंपनीनेच केला होता. ‘कमी खाऊ घाला’ हा निष्कर्ष तिच्या व्यापाराला सोयीचा नव्हता, म्हणून त्याचे वजन अधिक वाटते. आहारातील सर्वांत स्वस्त सुधारणा कोणती असा प्रश्न कोणी विचारला, तर मोजून खाऊ घालणे हेच त्याचे उत्तर द्यावे लागेल.

दूध-भाताचा हिशेब :

कुत्रा हा लांडग्याचा वंशज असल्यामुळे त्याला भात पचत नाही, असा एक समज अलीकडे पसरला आहे. तो बरोबर नाही. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले की, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. माणसाच्या उकिरड्याशेजारी हजारो वर्षे राहिल्याचा हा परिणाम मानला जातो. शिजवलेला भात, ज्वारीची भाकरी, पोळी हे सर्व कुत्र्याला चांगले पचते. दोष आहे तो भात हाच आहार बनतो तेव्हा.

एका मोठ्या कुत्र्याला दिवसभरात अर्धा लिटर गाईचे दूध आणि पाव किलो तांदळाचा भात दिला, असे समजू. ऊर्जा सुमारे १२०० किलोकॅलरी मिळते, म्हणजे पोट भरते आणि वजनही टिकते. प्रथिने मात्र सुमारे ३३ ग्रॅमच मिळतात. आफ्को या नावाने ओळखली जाणारी अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांची संघटना प्रौढ कुत्र्यासाठी दर १००० किलोकॅलरीमागे किमान ४५ ग्रॅम प्रथिने सुचविते. त्या हिशेबाने येथे ५४ ग्रॅम हवीत. कॅल्शियम गरजेच्या निम्म्याच्या आसपास मिळते, तर लोह, तांबे, जस्त आणि आवश्यक मेदाम्ले फारच तुटपुंजी असतात. शिवाय अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातील शर्करा नीट पचत नाही आणि त्यांना वारंवार पातळ शौचाला होते. केस निस्तेज होणे, कातडी कोरडी पडून खवले निघणे ही लक्षणे हळूहळू दिसतात. वजन टिकून असल्यामुळे मालकाला आहाराची शंका येत नाही. तो साबण बदलत राहतो.

वाढते पिल्लू आणि कॅल्शियमचा प्रश्न :

संपूर्ण विषयातील सर्वांत नाजूक भाग हा आहे. मोठ्या जातीचे पिल्लू जन्मल्यापासून वर्ष-दीड वर्षात आपले वजन साठ-सत्तर पटींनी वाढविते. या काळात झालेली हाडांची विकृती पुढे कोणत्याही आहाराने भरून निघत नाही.

याबाबत दोन परस्परविरुद्ध चुका आढळतात. पहिली चूक म्हणजे ‘ताकद यावी’ म्हणून पिल्लाला केवळ मांस आणि भात देणे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते. रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकविण्यासाठी शरीर मग हाडांतूनच कॅल्शियम काढू लागते. हाडे पोकळ होतात, पाय वाकतात, किरकोळ उडीनेही अस्थिभंग होतो.

दुसरी चूक सुशिक्षित घरांत अधिक आढळते. पिल्लाला आधीच संतुलित असे तयार खाद्य चालू असते आणि त्यावर कॅल्शियमचे औषध बाटल्या-बाटल्यांनी पाजले जाते. नेदरलँड्समधील उट्रेक्ट विद्यापीठात हेझविंकेल आणि सहकाऱ्यांनी ग्रेट डेन पिलांवर केलेले संशोधन १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिरिक्त कॅल्शियम मिळालेल्या पिलांच्या हाडांच्या वाढीत गंभीर दोष निर्माण झाल्याचे त्यातून दिसून आले. प्रौढ कुत्र्याचे आतडे गरजेपुरतेच कॅल्शियम घेते व उरलेले सोडून देते. कोवळ्या पिल्लाच्या आतड्यात ही नियंत्रणव्यवस्था पुरेशी विकसित झालेली नसते. जे पोटात जाईल त्याचा मोठा भाग ते शोषून घेते. परिणामी कूर्चेचे हाडात रूपांतर होण्याची प्रक्रिया बिघडते. अतिरिक्त कॅल्शियममुळे जस्ताचे शोषणही कमी होते आणि धान्यप्रधान आहार असल्यास त्यातील फायटेट ही अडचण वाढविते. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील अभ्यासाने भरमसाट खाऊ घातलेल्या ग्रेट डेन पिलांत अस्थिविकार अधिक आढळल्याचे नोंदविले होते. गुबगुबीत पिल्लू म्हणजे निरोगी पिल्लू, ही आपली धारणा मोठ्या जातींच्या बाबतीत तरी टाकून दिली पाहिजे.

आफ्कोच्या सुधारित निकषांत, प्रौढ वयात सुमारे ३२ किलो किंवा अधिक वजन होणाऱ्या पिलांच्या खाद्यासाठी कॅल्शियमची कमाल मर्यादा शुष्क भाराच्या १.८ टक्के ठेवली आहे. तयार खाद्याच्या पिशवीवर मोठ्या जातीच्या पिलांचा उल्लेख आहे का आणि कॅल्शियमचा आकडा दिला आहे का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

यावरून खर्चाचे एक धोरण सुचते. घरचा आहार पिल्लासाठी अचूक बसविणे तज्ज्ञाच्या मदतीशिवाय कठीण आहे. प्रौढ कुत्रा मात्र आहारातील थोड्याफार चढउतारांना तोंड देऊ शकतो. तेव्हा पैसा मर्यादित असल्यास तो पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत मोठ्या जातीच्या पिलांसाठी बनविलेल्या चांगल्या तयार खाद्यावर खर्च करावा, कॅल्शियमची बाटली घेऊच नये आणि वाढ पूर्ण झाल्यावर क्रमाक्रमाने घरच्या किंवा मिश्र आहाराकडे वळावे. प्रत्यक्षात अनेक घरांत याच्या नेमके उलट घडते : लहान आहे तोवर दूध-भात आणि मोठा झाल्यावर महागडे खाद्य.

नागपूरच्या बाजारातून घरचा आहार :

स्थानिक उपलब्धतेच्या दृष्टीने नागपूर सुस्थितीत आहे. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातील तांदळाची कणी अख्ख्या तांदळापेक्षा स्वस्त मिळते आणि पोषणात फारसा फरक नसतो. विदर्भाची तूर आणि सोयाबीन हाताशी आहेत, कळमन्याच्या बाजारात त्यांची मोठी उलाढाल चालते. कोंबडीच्या दुकानात पोटा-कलेजी बिनहाडाच्या मांसापेक्षा कमी दरात मिळते. एके काळी मोठ्या कुत्र्यांसाठी बैलाचे मांस हा सर्वांत स्वस्त पर्याय होता. २०१५ मध्ये अमलात आलेल्या राज्याच्या कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला आणि त्याची जागा मुख्यतः कोंबडीने घेतली.

३० किलोच्या, बेताची हालचाल असणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी एका दिवसाचा नमुना असा मांडता येईल : कणी १५० ग्रॅम, कोंबडीचे बिनहाडाचे मांस २५० ग्रॅम, कलेजी ३० ग्रॅम, तुरीची डाळ ५० ग्रॅम, एक अंडे, तेल दोन चमचे आणि मूठभर भोपळा, गाजर किंवा दुधी. ही वजने कच्च्या पदार्थांची आहेत. यातून सुमारे १२०० किलोकॅलरी आणि ८५ ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. प्रथिनांचे प्रमाण गरजेपेक्षा बरेच अधिक असल्याने मांसाचा काही भाग कमी करून त्याऐवजी अंडे, पोटा किंवा शिजवून काटे काढलेली मासळी वापरण्यास पुरेसा वाव आहे. कलेजी स्वस्त असली तरी तिचे प्रमाण वाढवू नये. तिच्यातील अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते व त्याचा अतिरेक हाडांना व सांध्यांना बाधतो.

वरील ताटात कॅल्शियम जवळजवळ नाही. ते अंड्याच्या टरफलातून अल्प खर्चात मिळविता येते. टरफले धुऊन, उकळून, वाळवून वस्त्रगाळ पूड करावी. तिच्यात वजनाच्या सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असते, म्हणजे ४ ग्रॅम पुडीतून दीड ग्रॅम कॅल्शियम मिळते आणि या आहाराला तेवढेच हवे. हा हिशेब केवळ प्रौढ कुत्र्याच्या घरगुती आहारासाठी आहे.

तरीही ताट पूर्ण झाले असे म्हणता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये पुस्तके व अन्य स्रोतांतील २०० घरगुती श्वान-पाककृती तपासल्या. त्यांपैकी १९० पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी भरला. जस्त, तांबे, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची उणीव डाळ-भात-कोंबडीच्या ताटातही राहते आणि चिमूटभर आयोडीनयुक्त मिठाने ती भरून निघत नाही. यासाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने खनिज-जीवनसत्त्वांचे पूरक घेणे आवश्यक आहे. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय कार्यरत आहे आणि २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही येथेच आहे. अशी सोय जवळ असताना आहाराचा सल्ला दुकानदाराकडून घेण्याचे कारण नाही.

शाकाहारी कुटुंबांचा प्रश्न येथे वेगळा विचारात घ्यावा लागतो. मांजराला मांसाशिवाय जगविणे घातक आहे, कुत्र्याच्या बाबतीत मात्र शाकाहार अशक्य नाही. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. अंडे चालत असेल तर काम बरेच सोपे होते, दही-पनीरही उपयोगी पडते. परंतु केवळ वरण-भात म्हणजे श्वानाचा शाकाहार नव्हे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये डाळी-वाटाणा अधिक प्रमाणात असलेले धान्यविरहित खाद्य आणि हृदयस्नायूंचा एक विकार यांच्यातील संभाव्य संबंधाची चौकशी सुरू केली होती. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही. तरी प्रथिनांचा सगळा भार एकट्या डाळीवर टाकू नये, एवढी सावधगिरी त्यातून घेण्यासारखी आहे.

तयार खाद्याची पिशवी कशी वाचावी :

तयार खाद्याची तुलना किलोच्या दराने केली जाते, तेथेच फसगत होते. कुत्रा किलो नव्हे तर ऊर्जा खातो. पिशवीवरील प्रथिने व कर्बोदके यांच्या टक्केवारीला ३.५ ने आणि स्निग्धांशाला ८.५ ने गुणून बेरीज केल्यास १०० ग्रॅममधील किलोकॅलरी मिळतात. कर्बोदकांचा आकडा बहुधा छापलेला नसतो. शंभरातून प्रथिने, स्निग्धांश, ओलावा, तंतू व राख वजा केल्यास तो मिळतो.

समजा, एका खाद्यात प्रथिने २२, स्निग्धांश १०, ओलावा १०, तंतू ५ आणि राख ८ टक्के आहे. त्याच्या एका किलोत सुमारे ३२०० किलोकॅलरी भरतात. दुसऱ्यात हेच आकडे २६, १८, ८, ३ आणि ७ असतील तर किलोला सुमारे ३७७० किलोकॅलरी मिळतात. पहिल्याचा दर २५० रुपये आणि दुसऱ्याचा २९० रुपये असा धरला तर १२५० किलोकॅलरीसाठी पहिले ३९० ग्रॅम आणि दुसरे ३३० ग्रॅम लागेल. रोजचा खर्च अनुक्रमे सुमारे ९८ व ९६ रुपये. ‘महाग’ वाटणारे खाद्य प्रत्यक्षात किंचित स्वस्तच पडले. अर्थात, दुसरे खाद्य पहिल्याच्याच मापाने वाढले तर पैसाही वाया जातो आणि कुत्राही लठ्ठ होतो. ओल्या खाद्याच्या छोट्या पाकिटांत सुमारे ८० टक्के पाणी असते. मोठ्या कुत्र्याचे पोट त्यावर भरणे म्हणजे पाणी विकत घेणे होय.

काही धोके :

घरचे उरलेले अन्न देताना कांदा-लसणाचा विसर पडतो. या दोन्हींतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात आणि शिजवल्याने ती नष्ट होत नाहीत. सावजी रश्श्यात बुडविलेली पोळी कुत्रा आवडीने खातो, परंतु तिखट, तेल आणि कांदा-लसूण यांचे ते मिश्रण त्याच्यासाठी सर्वस्वी अयोग्य आहे. द्राक्षे व बेदाणे मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. त्यांतील टार्टरिक आम्ल याला कारणीभूत असावे, असे अमेरिकेतील पशुविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये सुचविले. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असल्याने चिंच घातलेली आमटीही टाळलेली बरी. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले गोड पदार्थ तर घरात कुत्र्याच्या आवाक्याबाहेरच असावेत.

शिजवलेली हाडे ठिसूळ होऊन त्यांचे टोकदार तुकडे पडतात व आतड्यास इजा करतात. खाटकाकडील बकऱ्या-मेंढ्यांचे फुफ्फुस, यकृत कच्चे दिल्यास त्यांतील कृमीच्या गाठींमुळे कुत्र्याच्या आतड्यात एकायनोकॉकस नावाचा फीतकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडून माणसाच्या यकृतात व फुफ्फुसात जलगाठी निर्माण करू शकतात. म्हणून अवयव-मांस चांगले उकळूनच द्यावे. येथे प्रश्न केवळ कुत्र्याच्या आरोग्याचा राहत नाही. घरातील लहान मुलांचाही असतो.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर फुगून पिळा पडण्याचा प्राणघातक विकार आढळतो. दिवसाचे अन्न एकाच वेळी न देता दोन-तीन वेळा विभागून द्यावे आणि जेवणानंतर लगेच धावपळ करू देऊ नये. भांडे उंच चौरंगावर ठेवण्याची पद्धत हितकारक समजली जाते. पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० मधील अभ्यासात मात्र उंच भांड्याचा संबंध या विकाराच्या वाढीव धोक्याशी आढळला होता.

हवामान आणि साठवण :

नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. या दिवसांत कुत्रा आपणहून कमी खातो, त्यात काळजीचे कारण नसते. पहाटे आणि रात्री ऊन उतरल्यावर अन्न द्यावे. ३० किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाणी लागते, मे महिन्यात ते याच्या दुपटीवर जाऊ शकते. शिजवलेले अन्न सकाळचे दुपारी ठेवू नये.

वीस किलोचे पोते घेतले की किलोमागे दर कमी पडतो, हे खरे. परंतु एकच कुत्रा असलेल्या घरात ते सहज दीड-दोन महिने पुरते आणि उघडलेल्या पोत्यातील स्निग्धांश नागपूरच्या उन्हाळ्यात त्याआधीच खवट होऊ लागतो. पावसाळ्यात बुरशीची भीती अधिक असते. २०२० च्या अखेरीस अमेरिकेत अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाने दूषित झालेल्या खाद्यामुळे अनेक कुत्री दगावली आणि ते खाद्य बाजारातून परत घ्यावे लागले होते. याच कारणास्तव दुकानातील सुटे, विनातारखेचे खाद्य स्वस्त असूनही घेऊ नये. उन्हाळ्या-पावसाळ्यात महिन्याभरात संपेल एवढीच पिशवी आणावी आणि ती मूळ वेष्टनासह घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावी. वेष्टन फेकून खाद्य डब्यात ओतल्यास तारीख आणि घटकांची नोंदही जाते आणि कुत्रा आजारी पडल्यावर पशुवैद्यकाला दाखविण्यासारखे काही उरत नाही.